मसुराएवढे मलम

चंबूच्या आतल्या भिंतीवर धरलेला पापुद्रा आज डाव्या बाजूला किंचित जाड होता. किंचित म्हणजे मापायला गेले तर माप हसेल इतका, पण तलअतला तो दिसला. गोल बुडाचा चंबू कोमट पाण्याच्या टबात तिरका फिरत होता. आतला द्राव उडून जात होता आणि मागे काचेवर, दूध तापताना साय धरण्याआधी जी पहिली सुरकुती येते तशी, धड दिसतही नाही आणि लपतही नाही अशी एक झिलई उरत होती. झिलई सगळीकडे सारखी बसली तर कोमट पाणी घातल्यावर ती सोलून निघते आणि आपली आपण वळून तिचे डोळ्यांना न दिसणारे पोकळ गोळे होतात. सारखी नसली तर गुठळ्या होतात. तिने चंबूचा कोन अगदी थोडा बदलला आणि वाट पाहिली.

"काय म्हणतंय यंत्र, तलअत खानम?" डॉक्टर रस्तेगार दारातच उभे होते. हातातल्या पेल्यातल्या चहात खडीसाखर विरघळत होती.

"यंत्राला अजून विचारलं नाही, डॉक्टर. डावीकडे जाड आहे."

"तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. यंत्र काय, दुपारपर्यंत कबूल होईल." ते हसले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "आज मंगळवार. खाली बाकं भरलीत. येताय ना पंधरा मिनिटांत?"

"येते," ती म्हणाली. पापुद्र्यावरची नजर तिने काढली नाही.

सव्वीस वर्षे ती करमानच्या या एकाच खोलीत, या एकाच टेबलाशी काम करत आली होती. लग्न राहून गेले होते. का, हे आता कुणी विचारत नव्हते. तिच्या हातून निघालेल्या आकड्यांवर सात जणांनी डॉक्टरेट मिळवली होती आणि त्यांच्या प्रबंधांच्या शेवटी, आभारांच्या यादीत, छापखान्यातल्या मुलींच्या वर तिचे नाव असे. तिला त्याचे वाईट वाटत नसे. नीट बसलेला पापुद्रा पाहताना तिला जे वाटे, ते आभारात मावणारेही नव्हते.

काम म्हटले तर साधे होते. साबणाच्या कुळातला, पण साबणाहून पुष्कळ सौम्य असा एक पदार्थ. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याकडे धावते, दुसरे पाण्याकडे पाठ फिरवते. असे कण पाण्यात एकमेकांना धरून बसले की कांद्यासारखे पदर असलेल्या पिशव्या होतात, आणि त्या पदरांत औषध दडवता येते. सालक हा फोड ज्या जंतूमुळे होतो तो मोठा हिकमती. जंतू गिळायचे काम ज्या पेशींकडे, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. वरून चोळलेले औषध तिथवर पोचत नाही. पण या पिशव्या त्या पेशी आपणहून गिळतात. डॉक्टर विद्यार्थ्यांना सांगत, "चोर ज्या घरात लपलाय त्या घराच्या उंबऱ्यावर पुडी ठेवा. घरची माणसं ती उचलून आत नेतील. तुम्हाला दार फोडायला नको."

ही पुडी ठेवायला डॉक्टरांना अकरा वर्षे लागली होती. निर्बंधांमुळे तो सौम्य पदार्थ चौदा-चौदा महिने येत नसे. एकदा आला तो जकातीच्या गोदामात उन्हाळाभर पडून पिवळा झाला. मागच्या वेळी कुणाचा तरी जावई इस्तंबूलहून कपड्यांच्या बॅगेतून घेऊन आला, तेव्हा कुठे चौऱ्याऐंशी रोग्यांना पुरेल एवढा झाला. पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. येत्या मेहर महिन्यात, शरदाच्या तोंडी, डॉक्टर निवृत्त होणार होते.

चौऱ्याऐंशीपैकी अर्ध्यांना भरलेल्या पिशव्यांचे मलम, अर्ध्यांना रिकाम्या पिशव्यांचे. दोन्हींचा रंग एक, वास एक, ट्यूब एक. तलअत दोन खोक्यांत बिननावाच्या ट्यूबा भरून पलीकडच्या इमारतीत पाठवी. तिथला औषधवाला बंद खोलीत त्यांवर क्रमांक चिकटवी. कुठला क्रमांक भरलेला आणि कुठला रिकामा याची यादी लाख लावून अधिष्ठात्यांच्या कपाटात ठेवलेली होती. आठ आठवडे नुसते मलम. मग सगळे क्रमांक एकदम उघडायचे. तोवर ना डॉक्टरांना ठाऊक, ना रोग्याला. औषध खरे आहे की नाही ते कळण्याचा दुसरा रस्ता नाही.

तलअतला हे सगळे मान्य होते. तिचा खालच्या दवाखान्याशी संबंध येण्याचे कारणही नव्हते. पण मंगळवारची परिचारिका बाळंतपणाच्या रजेवर गेली, बदली कुणी आली नाही, आणि डॉक्टर संकोचून म्हणाले, "तलअत खानम, तेवढं लावून दाखवायचं काम... तुमच्यापेक्षा नीट कोण दाखवणार?" तिने मान हलवली. त्यात वाईट काय होते?

नवा रोगी आला की त्याची ट्यूब उघडायची. मसुराएवढे मलम आपल्या मनगटाच्या मागच्या बाजूला घ्यायचे. बोटाने हलक्या हाताने गोल फिरवायचे, एक फेरा, दोन, तीन. "असं. जोर नाही लावायचा. दिवसातून दोनदा." मग रोगी स्वतः लावे.

पहिल्याच मंगळवारी, तिसऱ्या रोग्याच्या वेळी तिचे बोट थबकले. तिसऱ्या फेऱ्याला मलम जरासे ओढ घेत होते. आधीच्या दोघांचे घेतले नव्हते. ओल्या काचेवरून आणि सुकत आलेल्या काचेवरून बोट फिरवण्यात जेवढा फरक, तेवढाच. आधी तिला वाटले, मनाचा खेळ. पुढच्या रोग्याला ओढ होती, त्यापुढच्या दोघांना नव्हती. संध्याकाळी तिने वरच्या फ्रिजमधली, आपल्याकडे राखून ठेवलेली एकेक ट्यूब घेतली आणि डोळे मिटून हातावर चोळली. औषध पोटात असले की पिशवीची भिंत थोडी ताठ होते. भरलेली ओढ घेते, रिकामी घेत नाही. एवढे साधे होते. यंत्रांत हे कुठेच उमटले नव्हते, कारण यंत्रांना कुणी हा प्रश्न विचारलेला नव्हता.

तेव्हाच सांगायला हवे होते. सहाच रोगी झाले होते. मलमात काहीतरी चिकट घालून दोन्ही सारखी करता आली असती. पण त्या संध्याकाळी डॉक्टर जिन्यात भेटले आणि म्हणाले, "अकरा वर्षांनी आज पहिल्यांदा झोप लागेल बघा." तिने विचार केला, उद्या सांगू. आधी स्वतःची खात्री करू. खात्री करण्यात एक मंगळवार गेला, मग दुसरा. दर मंगळवारी बाकावर नवी माणसे येत आणि तिच्या मनगटावर तीन फेऱ्यांत तिला नको असलेली गोष्ट सांगून जात.

आणि मग बेमानी आली.

बेमानी ही तिच्या थोरल्या बहिणीची, कोकबची मुलगी. बमजवळच्या खेड्यात राहणारी, सतरा वर्षांची. कोकबचे दोन मुलगे भूकंपात गेले. त्यानंतर दोन वर्षांनी ही झाली. आधीची गेली की मागून आलेल्या लेकराला देतात तेच नाव तिला दिले, बेमानी, म्हणजे 'तू राहा'. भूकंपानंतर अकरा दिवस तलअत तंबूत बहिणीजवळ बसून होती. तेव्हापासून कोकब दोघांवरच भरवसा टाकी, देवावर आणि तलअतवर, आणि देवाशी तिचे अजून पुरते मिटलेले नव्हते.

बेमानीच्या डाव्या गालावर, नाकाशेजारी, सालक उठला तेव्हा कोकबने तिला गावच्या दवाखान्यात नेले नाही. तिथे फोडाच्या कडेला नेहमीच्या, खात्रीच्या औषधाच्या सुया टोचतात, पोरी किंचाळतात. तिने थेट करमानची बस धरली. आणि तलअतने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांकडे शब्द टाकला, "माझी भाची आहे. नियमात बसत असेल तर तिला घ्या." बसत होती. चौदा मिलिमीटर, एकच फोड, सतरा वर्षे, आईची सही. तलअतने तेव्हा स्वतःला सांगितले होते की भरलेली येण्याची शक्यता निम्मी आहे, निम्मी म्हणजे पुष्कळ झाली. आजवर तिने एवढ्या कमी पुराव्यावर कशाचीही आशा केली नव्हती.

क्रमांक एकाहत्तर. तिने टोपण उघडले, मसुराएवढे मलम मनगटावर घेतले. एक फेरा. दोन. तिसरा फेरा पाण्यावरून फिरावा तसा फिरला.

"कळलं का कसं लावायचं?" तिने विचारले.

"कळलं," बेमानी म्हणाली. मावशीला ती 'खाले' म्हणे. "तू लावलंस की किती छान दिसतं, खाले. जशी काय रफूच करतेस."

हे सहा आठवड्यांपूर्वीचे. त्यानंतर दर सोमवारी दुपारी मायलेकी बसने येत, तलअतच्या दोन खोल्यांत मुक्काम करत आणि मंगळवारी दवाखाना करून परत जात. येताना कोकब खजुराचे दोन खोके आणी, एक बहिणीला आणि एक डॉक्टरांना.

कालच्या सोमवारी जेवताना बेमानी आरशाकडे पाठ करून बसली होती. फोड आता खालच्या पापणीकडे सरकला होता. मध्ये खळगा, कडेला लाल बांध.

"खाले, तुझं मलम आळशी आहे गं," ती भाताचा घास कालवत म्हणाली. "मी सकाळी उठवते, संध्याकाळी उठवते. उठतच नाही."

"जीभ आवर," कोकबने दटावले. "मावशी रात्रंदिवस खपून बनवते आणि ही बया नावं ठेवते. फरक आहे. मला दिसतो फरक."

"कुठे दिसतो, आई? आकारात दिसतो. मागे मसूर होता, आता अक्रोड झालाय."

"बरं व्हायच्या आधी फोड असाच उसळतो. तुझ्या आजीच्या हातावर उसळला होता."

"आजीच्या हातावर होता. हातावर डोळा नसतो."

कोकबने ताटलीतला चांगला तुकडा उचलून लेकीच्या भातावर ठेवला. वाद मिटवायची तिची ती पद्धत. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं, तलअतजान. पोर आहे. गावात सगळ्यांना सांगून आलेय मी, माझ्या बहिणीच्या हातचं औषध चाललंय म्हणून. बतूल शेजारीण म्हणते, सुया घे, सुया घे. मी म्हटलं, जळतेस होय? तुझी बहीण काय बनवते, लोणचं?"

तलअत हसली नाही. "आबजी," ती थोरल्या बहिणीला म्हणाली, "डॉक्टर म्हणाले सुया घ्या, तर घ्याल?"

"ते कशाला म्हणतील? आणि म्हणाले तरी माझ्यात लाज आहे की नाही? तू शब्द टाकून नाव घालायचंस आणि मी अर्ध्यावर काढून घ्यायचं? तुझी मान खाली जाईल असं मी करीन?"

चहा झाल्यावर कोकब नमाजासाठी आत गेली. बेमानी पेले विसळत होती. पाठमोरीच तिने विचारले, "खाले, खरं सांग. त्यात आहे ना काही?"

नळाचे पाणी पेल्यातून वाहत राहिले.

"मला सांगता येत नाही," तलअत म्हणाली.

"सांगता येत नाही म्हणजे ठाऊक नाही?"

"तसा नियम आहे, बेमानी."

बेमानी वळली. डावा डोळा सुजेमुळे थोडा मिटल्यासारखा दिसत होता, त्यामुळे ती कशाचा तरी नेम धरते आहे असे वाटे. तिने नळ बंद केला, पेले पालथे घातले आणि ओले हात फडक्याला पुसत म्हणाली, "फडकं फाटलंय तुझं. पुढच्या वेळी नवं आणीन."

तलअतने मागच्या आठवड्यातच खात्री करून घेतली होती. बेमानीच्या ट्यूबच्या टोपणाला लागलेले थोडेसे मलम तिने काडीने खरवडून वर नेले, मद्यार्कात विरघळवले, यंत्रात धरले. औषध असते तर पडद्यावर रेघ एका जागी टेकडीसारखी वर चढली असती. रेघ बमच्या रस्त्यावरच्या वाळवंटासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट गेली. तिने पडदा बंद केला आणि यंत्राच्या वहीत लिहिले, 'नेहमीची तपासणी'. सव्वीस वर्षांत त्या वहीत तिने लिहिलेले ते पहिले खोटे.

त्यानंतर दोन दिवस ती फ्रिजपुढे उभी राहिली. आतल्या वरच्या खणात भरलेल्या बिननावाच्या ट्यूबा होत्या. एक उचलायची, एकाहत्तरची चिठ्ठी तिच्यावर डकवायची. कुणाला कळणार होते? पण बेमानीचे नाव यादीत रिकाम्यांमध्ये होते. ती बरी झाली असती तर 'रिकाम्या मलमाने बरी झाली' असे धरले गेले असते, आणि भरलेल्या मलमाचे तेवढे मोल कमी झाले असते. एका आकड्याने काय होते, असे दुसरे कुणी म्हटले असते. तलअतने आयुष्य एका एका आकड्यासाठी घालवले होते. आणि समजा ट्यूब बदलली, तर मग एकाहत्तरच का? उरलेल्या एकेचाळीस रिकाम्यांनी काय केले होते? त्यांना मावशी नव्हती, एवढेच.

तिने फ्रिजचे दार लावले. त्याखेरीज तिच्या हातात काहीच नव्हते.

आज खाली बाकावर अकरा जण होते. कोकब डोक्यावरून घेतलेली चादर नीट करत, खजुराचा खोका मांडीवर घेऊन दुसरी बसली होती. तिच्याआधी नूरमोहम्मद, वीटभट्टीवरचा अफगाण कामगार. त्याच्या कोपरावर फोड होता आणि त्याची ट्यूबही ओढ घेत नव्हती.

डॉक्टरांनी पारदर्शक पट्टी तलअतकडे दिली. तिने कोपरावर धरली. "एकतीस."

"वाढतंय हो," डॉक्टर म्हणाले. "नूरमोहम्मद, तुमच्या मनात असेल तर सुया सुरू करू. सक्ती नाही."

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब. तुम्ही शिकलेली माणसं." तो तलअतकडे पाहून संकोचून हसला. "घाई नाही, खानम. फक्त हात चिखलात असतो ना, म्हणून विचारतो. हे लागू पडायला लागलं की आतून काही कळतं का? खाज, ठणका, असं काही?"

"खाज येऊ शकते," डॉक्टर म्हणाले.

"मला येते. थोडी येते," तो घाईने म्हणाला. "म्हणजे लागतंय. चालू राहू दे." आणि छातीवर हात ठेवून, दारापर्यंत उलट्या पावली, तो गेला.

खाज आली नव्हती. तलअतने त्याच्या तोंडाकडे पाहिले तेव्हाच तिला ते कळले. डॉक्टरांचे मन मोडू नये म्हणून तो खाज देऊन गेला होता. तिला आठवले, मागच्या मंगळवारी एका म्हातारीने तसेच केले होते, त्याआधी त्या ट्रकवाल्याने. ही माणसे ज्याच्या हातचा चहा प्यायली त्याला चहा पाणचट होता असे मरेपर्यंत सांगणार नाहीत. त्यांना वाट मोकळी होती आणि त्या वाटेने एकही जण जाणार नव्हता.

"कोकब खानम, या."

कोकबने आधी खोका टेबलावर ठेवला. "काही नाही, डॉक्टरसाहेब, झाडावरचेच आहेत. तुमच्या योग्यतेचे नाहीत."

"दर वेळी कशाला त्रास घेता? दातच पडतील माझे खजूर खाऊन."

"तुमच्या दातांवरून जीव ओवाळीन. बस, बेमानी. चेहरा वर कर."

बेमानी खुर्चीवर बसली. तलअतने पट्टी तिच्या गालाला समांतर धरली. काचेसारख्या प्लास्टिकखाली तो लाल बांध सगळ्या रेघा ओलांडत गेला होता. वरची कड पापणीच्या केसांपासून तीन रेघांवर होती. मागच्या मंगळवारी सहा होत्या. कड पापणीपर्यंत पोचली की फोड पुढे बरा झाला तरी वण सुकताना पापणी खाली ओढून घेतो आणि डोळा पुन्हा पुरता मिटत नाही. हे तलअतला ठाऊक होते, डॉक्टरांनाही. सुया सुरू करायच्या तर आता, या आठवड्यात. त्यानंतर तिथे सुई शिरवायलाही जागा राहणार नव्हती.

"सत्तावीस," ती म्हणाली. "पापणीपासून तीन."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिले. "कोकब खानम, पहिल्या दिवशी चौदा होतं. मला हे आवडत नाही. बेमानीला यातून काढू या. आईच्या नुसत्या हो म्हणण्याचा अवकाश आहे, आजच सुई देतो."

"छे! अहो, काय बोलता?" कोकब दुखावल्यासारखी हसली. "हात दुखू नयेत तुमचे, फार केलंत आमच्यासाठी. फार फरक आहे. आधी रात्री रडायची, आता रडत नाही. हो की नाही गं? सांग डॉक्टरांना."

बेमानीने तोंड उघडले. मग तिची नजर पट्टी धरलेल्या मावशीच्या हाताकडे गेली. "फरक आहे," ती म्हणाली.

"बघा! पोर खोटं नाही बोलायची. आणि दोनच आठवडे तर राहिलेत. माझ्या बहिणीने बनवलेलं आहे ते, डॉक्टरसाहेब. तिच्या हाताला यश आहे. भूकंपात तिनेच मला..." ती थांबली, चादरीचे टोक दातात धरले, सोडले. "आम्ही पुरं करणार. मध्येच सोडून तुमचं काम बिघडवणारी माणसं नाही आम्ही."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला, पेन उचलले आणि फाईलमध्ये 'पालकांचा नकार' असे लिहायला सुरुवात केली. अक्षर पूर्वी फार सुंदर होते. तलअत ते अक्षर उमटताना पाहत राहिली. आता बोलले की हे पान तर जाईलच, पण फाईल जाईल, चौऱ्याऐंशी फायली जातील. ज्यांचे फोड भरत आले आहेत त्यांचेही आकडे कुणी धरणार नाही, कारण मोजपट्टी धरणारी बाई आधीपासून सगळे ओळखून होती. मलम लागू पडते. तिला ठाऊक होते की ते लागू पडते, तिने ते पट्टीखाली पाहिले होते. आणि तेच आता कुणालाही, कधीही सिद्ध करता येणार नव्हते. मेहर महिना येईल. बॅगेतून आणायला पुन्हा कुणाचा जावई मिळणार नाही. आणि न बोलावे तर तीन रेघा.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली.

पेन थांबले. कोकबने मान वळवली.

"हे लिहू नका. नकार तिचा नाही, माझ्या भिडेचा आहे." तिचा आवाज तिला स्वतःला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, इतका तो सरळ निघाला. "बेमानीची ट्यूब रिकामी आहे."

"तलअतजान?" कोकब म्हणाली.

"ते तुम्हाला कसं ठाऊक असेल?" डॉक्टरांनी विचारले, सावकाश, जणू उत्तर यायला जितका उशीर होईल तितके बरे. "यादी कपाटात आहे. लाख तशीच आहे. तुम्ही मायेने बोलताय, तलअत खानम. माणूस आहे, होतं असं."

"मायेने नाही. बोटाला कळतं. भरलेलं मलम तिसऱ्या फेऱ्याला ओढ घेतं. पहिल्या मंगळवारपासून कळतंय. यंत्रावरही पाहिलं, वहीत खोटं लिहिलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि फार थकलेले दिसले. बाहेर बाकावर कुणीतरी खोकले. कोकब एकदा बहिणीकडे, एकदा लेकीच्या गालाकडे पाहत होती. तिच्या ओठांवर आभाराचा कुठलातरी शब्द अर्धा येऊन तसाच राहिला होता.

"किती जणांचं?" डॉक्टरांनी विचारले.

तलअतने पट्टी टेबलावर, फाईलच्या कडेला समांतर ठेवली.

"सगळ्यांचं," ती म्हणाली. "बेमानीला आत्ता सुई द्या. मग नूरमोहम्मदला फाटकापाशी गाठायला कुणाला तरी पाठवा, आणि बाहेर बसलेल्यांपैकी कुणाकुणाला द्यायची, ते मी एकेकाला आत बोलावून तुमच्यासमोर सांगते."